मागच्या चाकांचा सोमवार

रविवारी संध्याकाळी करंजाडेच्या कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात गाडी जॅकवर चढली, तेव्हा सत्यवती बाकड्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी होती. हिरवा खण, हिरवा चुडा, पाच फळं, तांदूळ, नारळ. दुसऱ्या दिवशी लेकीला, दिपिकाला, करंजा बंदरावरच्या सासराहून माहेरी आणायचं होतं. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. नारळी पौर्णिमा झाली की जावई बोटीवर जाणार, मग तिला पोचवायला घरात माणूस नाही, म्हणून त्याआधीचाच एक दिवस धरला. तो नेमका श्रावणातला सोमवार निघाला. सत्यवतीनं एकदा नवऱ्याकडे, बळीरामकडे, पाहिलं होतं, पण विहिणीला शब्द देऊन झाला होता.

गाडी धनेशची, म्हणजे तिच्या लेकाची. तो उरणच्या बंदराकडे कामाला, रोजचं जाणंयेणं त्याच रस्त्यानं. पुढचे दोन टायर पार टकले झाले होते. मागचे दोन झिजलेले, पण अजून दिवाळीपर्यंत निघतील असे. म्हणून दोनच नवे घ्यायचे ठरले.

दुकान काशिरामचं, पण यंत्रावर उभी असायची त्याची मुलगी रोशनी. पायात रबरी बूट, केसांना घट्ट रुमाल. तिनं मागच्या टायरवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काका, हे मागचे पुढं घेते. नवे मागं बसवते."

बळीरामला हसू आलं. "अगो पोरी, गाडी पुढून वढतं का मागून?"

"पुढून."

"वळतं पुढून का मागून?"

"पुढूनच की."

"मंग नवे मागं कशाला? मागून वरात काढायचीय त्यांची?"

धनेशही हसला. "फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ग. झिजतात पुढचे. मग चांगले तिथंच नकोत का?"

"झिजतात पुढचे, ते खरं," रोशनी म्हणाली. "पण पावसात गाडी फिरते ती मागून."

बळीरामनं हात उडवला. त्याचं गणित वेगळंच होतं. त्यांच्या घरात नव्याचा मान पुढचा. नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढं, नवी सून उंबऱ्यात सगळ्यांच्या पुढं, आणि नवं चाक लिंबावरून पहिलं जायचं. लिंबं ठेवतात ती पुढच्या चाकांखाली. नारळ फुटतो तो पुढच्या चाकासमोर. मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं कुणाच्या बापजन्मी कुणी पाहिलंय? जुन्या टायरनं लिंबू चिरडायचं आणि नव्यानं मागून चिखल तुडवत यायचं, ही कसली पूजा!

"बावीस वरसं टेम्पो चालवला मी," तो म्हणाला. "पुढचा टायर फुटला की डायवर गेला. मागचा फुटला तं गाडी नुसती बसतं."

"फुटणं वेगळं, काका, घसरणं वेगळं." मग रोशनीनं पाना उचलला. "गाडी तुमची. सांगायचं काम माझं. पावसात जपून."

पुरुष दोघं समोरच्या टपरीवर चहाला गेले. सत्यवती पिशवी बाकड्यावर ठेवून उठली. तिचा आवाज मुळातच इतका हळू, की घरात मिक्सर चालू असला तर तिला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागे. आणि ती तीनदा सांगत नसे. रोशनीच्या अगदी कानाशी जाऊन तिनं विचारलं, "बाय, मागून कशी फिरते गं?"

रोशनीनं यंत्र थांबवलं. सत्यवतीचं बोट धरून नव्या टायरच्या खाचेत घातलं, नख बुडालं. मग मागच्या जुन्या टायरवर फिरवलं. बोट नुसतं घसरलं. "या खाचा पाणी बाहेर फेकतात, मावशी. खाच नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. पुढचा तरंगला तर स्टिअरिंग हलकं लागतं, हाताला कळतं, माणूस पाय काढतो, गाडी ताळ्यावर येते. मागचा तरंगला तर हाताला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा गाडीचं तोंड आलो त्या दिशेला."

सत्यवतीला ते लगेच कळलं. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. लहानपणी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ओल्या बांधावरून चालताना आई सांगायची, पुढचा पाय सरकला तर सावरता येतं, कारण भार अजून मागच्या पायावर असतो. मागचाच सरकला तर देवच. धाकटी रंभा तशीच पडली होती, पाटीसकट. तिचं मनगट आजही वाकडंच आहे.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "अवो, ती पोर बोलत होती ते खोटं नाय. आपल्या बांधावर नाय का…"

"टायर म्हंजे काय तुझा बांध हाय?" बळीराम भात कालवत म्हणाला. "पूजा झाली, लिंबं फुटली, नारळ वाटला. आता मान मागं नेऊ? देव बोलेल, याला काय याड लागलं."

"देव नाय बोलायचा तसं."

"तुला काय देवानं फोन केलता?"

धनेश म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊस. मी हळू चालवेन." त्यावर बळीराम मुलाशी रस्त्यावरच्या खड्ड्यांचं बोलू लागला. सत्यवतीनं आमटीचं पातेलं उचललं. आणखी एकदा बोलायला हवं होतं, हे तिला पातेलं घासतानाच कळलं. पण तोवर ते दोघं झोपायला गेले होते, आणि पहाटे तिचं तोंड बंद होणार होतं.

श्रावणातल्या सोमवारी सत्यवतीचं मौन असे. बारा वर्षांची दिपिका तापानं पाच दिवस बेशुद्ध पडली होती, तेव्हा ती महादेवाला नवस बोलली होती, माझी पोर उठू दे, बारा वर्षं श्रावणी सोमवारी उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत शब्द काढणार नाही. सहाव्या दिवशी पोर उठून पेज प्यायली. तेव्हापासून एकही सोमवार हुकला नव्हता. लिहूनही सांगायचं नाही, फोनवर टाइपही करायचं नाही. बोटांनी बडबडायचं आणि तोंड मिटायचं, त्याला ती मौन मानत नसे. एकदा कढईतलं तेल पावलावर सांडलं, तेव्हा तिनं नुसते ओठ चावले होते. यंदा बारावं वर्ष. हा सोमवार धरून चार उरले होते.

सकाळी अंघोळ, बेल, अभिषेक. जपाची माळ हातात घेतली, पण मणी मोजता मोजता मन सारखं खाली गाडीकडे जायचं. एकशेआठ कधी झाले कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून धरले, पुन्हा चुकले.

खाली आल्यावर ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि चाकाकडे बोट केलं. बळीरामनं डिकी उघडून पाहिली. "हाय की ओटीची पिशवी. चल, बस." तिनं पुन्हा बोट केलं. त्यानं डिकी जास्तच जोरात लावली. "बंद झाली, बघ. आता तरी बस, बाय."

पाऊस एकसारखा लागला होता. तिनं मागच्या सीटवर बसून डोळे मिटले, आणि पाठीखाली ती दोन चाकं तिला दुखऱ्या दाढेसारखी जाणवत राहिली. गव्हाण फाटा मागे पडला. कंटेनर घेऊन चाललेले ट्रेलर दोन्ही बाजूंनी पाणी उडवत होते. एका वळणावर पुढचा ट्रेलर अचानक हळू झाला, धनेशनं ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडीची शेपूट उजवीकडे गेली. बाजारात कुणी मागून पदर ओढावा, तशी. पुढचा भाग रस्त्यावर होता, मागचा भलतीकडेच. धनेशनं दोनदा स्टिअरिंग फिरवलं, गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली आणि कशीबशी सरळ आली.

सत्यवतीच्या घशात शब्द आला होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

धनेशनं वेग कमी केला. मग बळीराम म्हणाला, "माती सांडून ठेवतान ट्रेलरवाले."

"माती नव्हती, बाबा."

"व्हती. मी बघितली."

धनेशनं आरशातून आईकडे पाहिलं. तिनं नजर काढली नाही. त्यानं काढली.

करंज्याला दिपिकाची सासू गंगाबाई दारातच उभी होती. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. बंदरावर माशांच्या लिलावात तिच्या हाकेवर बोटी वळत, असं लोक म्हणत. "या, विहीणबाय! आज मुक्या ना तुमी? बरा झाला, आज तरी माझाच आयकाल." जेवायच्या पानांवर तिनं बळीरामला आग्रह करकरून बेजार केलं, श्रावण म्हणून मासळी नाही याबद्दल सात वेळा माफी मागितली, आणि सत्यवतीपुढं उपासाची रताळी ठेवली. सत्यवतीनं दिपिकाची ओटी भरली. हिरवा चुडा लेकीच्या गुबगुबीत झालेल्या मनगटात चढवताना ती मध्येच थांबून बाहेरच्या गाडीकडे बघत राहिली.

"आई, बरं नाही का तुला?" दिपिकानं विचारलं. सत्यवतीनं मान हलवली.

तीन वाजता निघायचं ठरलं. पाऊस आणखी वाढला होता, बंदराकडचं काही दिसत नव्हतं. मघाची गाडीची ती हालचाल सत्यवतीच्या अंगातून जात नव्हती. मघा मागच्या सीटवर ती एकटी होती. आता तिथं दिपिका बसणार होती, पोट सांभाळत, बरोबर त्या चाकांवर.

तिनं धनेशचा हात धरला आणि पावसात गाडीमागे नेला. त्याचा तळवा मागच्या चाकावर टेकवला. मग पुढच्या नव्या चाकावर. धनेश उभा राहिला, पाणी त्याच्या कपाळावरून ओघळत होतं.

"कळलं, आई. मघाशीच कळलं." तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण आता बाबांना सांगायचं म्हणजे… उद्या बदलून घेतो ना. शप्पथ. आज चाळीसच्या वर नाही नेत."

उद्या. सत्यवती घरात गेली आणि गंगाबाईच्या देव्हाऱ्यासमोर बसली. माळ काढली. दिवेलागणीपर्यंत इथंच बसून राहावं, मग तोंड उघडता येईल, असं तिनं ठरवलं. पण बळीराम ओट्यावरून ओरडला, "अगो, जप घरी गेल्यावर! अंधारात त्या ट्रेलरांच्या मधून पोटुशी पोर नेऊ का?" आणि तेही खोटं नव्हतं. थांबलं तर अंधार. निघालं तर ती चाकं. बोललं तर बारा वर्षं. ज्या पोरीच्या जीवासाठी शब्द गिळले, तिच्याच जीवाचा नवस मोडायचा, आणि तोही तिला गाडीत बसवताना. देवाच्या डोळ्यांकडे बघायची तिला हिंमत झाली नाही. मणी हातात होते, पण बोटं पुढं सरकत नव्हती.

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. प्रणित, जावई, बायकोच्या डोक्यावर छत्री धरून तिला पायऱ्या उतरवत होता.

सत्यवती उठली. पडवीत आली. "नवे मागं लावा," ती म्हणाली.

पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. कुणाला काही ऐकू आलं नाही. नवस मोडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. बळीराम छत्री झटकत होता. गंगाबाई सुनेला सांगत होती, "पाय जपून ठेव." क्षणभर सत्यवतीला वाटलं, गप्प राहावं, कुणी ऐकलं नाही म्हणजे झालंच नाही. पण महादेवानं तर ऐकलं होतं. मग आता उरलेल्यांनी तरी का ऐकू नये?

"नवे टायर मागं लावा!" तिनं असं ओरडून सांगितलं की तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. "तवर माझी पोर गाडीत बसणार नाय!"

गंगाबाईच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली आलं. "देवा रं! विहीणबाय बोलल्या! सोमवारच्या!"

दिपिका पायरीवरच थांबली. तिचे डोळे भरून आले. "आई, माझ्यासाठीचं ना गं ते? हे बारावं वर्ष ना?"

"तुझ्यासाठीच बोलले," सत्यवती म्हणाली. तिनं लेकीला दंडाला धरून वळवलं. "बस घरात. खुर्चीवर बस."

बळीरामच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना. तेल सांडलं होतं तेव्हा तो घरात होता. ओठांतून रक्त आलेलं त्यानं पाहिलं होतं. तो गाडीमागे गेला, खाली बसला आणि मागच्या चाकावर स्वतःचा अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. बावीस वर्षं टेम्पो चालवलेला अंगठा होता तो.

"बाबा, माती नव्हती," धनेश म्हणाला.

"गप रं. जॅक काढ."

जॅक एकच होता. मग बळीरामच्या अंगात जुना टेम्पोवाला संचारला. अंगण पावसानं फुगलेलं, जॅक रुतत होता. प्रणितनं बोटीची एक जाड फळी आणून खाली घातली आणि वर ताडपत्री धरली. आधी पुढचं नवं चाक काढून तिथं स्टेपनी चढवायची, मग मागचं जुनं काढून तिथं नवं, मग पुन्हा पुढं येऊन स्टेपनी उतरवायची आणि जुनं बसवायचं. एका बाजूला तीनदा जॅक, दोन्ही बाजू मिळून सहादा. धनेश पान्यावर उभा राहून नट आवळत होता, बळीराम त्याला शिव्या देत होता, "एका दमात नाय, समोरासमोरचे आवळ! शिकवला ना तुला?" गंगाबाई मधूनच बाहेर डोकावून विचारायची, "झाला का? चहा टाकू का परत?"

सत्यवती दिपिकाजवळ बसून होती. बोलायला मोकळी होती, पण बोलावंसं वाटत नव्हतं. दिपिकानं तिचा हात धरून पोटावर ठेवला. आत हालचाल झाली. सत्यवतीनं हात चटकन मागे घेतला, जणू आपण चुकीच्या वेळी तिथं पोचलो आहोत. मग पुन्हा ठेवला.

निघाले तेव्हा पावणेपाच वाजून गेले होते.

आणि गाडी हलली तशी सत्यवतीची जीभ सुटली, ती थांबेचना. "हळू. अरे, ट्रेलरला पुढं जाऊ दे. वळणावर ब्रेक नको, आधीच हळू हो. बाय, पट्टा पोटाच्या खालून घे. काच थोडी उघड, वाफ धरली. त्या पाण्यात नको घालू, धनेश, खाली काय हाय कुणाला माहीत." आयुष्यात एवढं ती सलग कधी बोलली नसेल. बळीरामनं दोनदा मागं वळून पाहिलं आणि पुढची काच फडक्यानं पुसली. शेवटी दिपिकाला हसू फुटलं. "आई, अगं आज सोमवार आहे!"

"मोडला तो मोडला," सत्यवती म्हणाली. "अर्धा मोडून काय मिळणार? धनेश, आरशात बघ."

रस्त्यात काहीच घडलं नाही. पाऊस पडला, ट्रेलर आडवे आले, दोनदा जोरात ब्रेक लागला. गाडी ज्या बाजूला वळवली त्या बाजूला गेली. गव्हाण फाट्यानंतर दिपिका आईच्या खांद्यावर झोपून गेली आणि तिचं तोंड किंचित उघडं राहिलं, लहानपणी राहायचं तसं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सत्यवतीनं दिपिकाला दाराबाहेर थांबवलं, आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला, लेकीवरून उतरवून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. दिपिका उजवा पाय टाकून आत आली आणि थेट बाथरूमकडे गेली.

बळीराम चपला काढत म्हणाला, "बघ, काय झाला रस्त्यात? कायच नाय. पुढं असते तरी कायच झाला नसता."

सत्यवतीनं तांब्या खाली ठेवला. "नसता झाला," ती म्हणाली. "तो आता आपल्याला कवाच कळायचा नाय."

तो देव्हाऱ्यापाशी आला. तिनं निरांजनात वात घातली. काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. तो तिच्यामागे उभा होता, ग्रीसनं काळी झालेली बोटं पंचाला पुसत.

"मंग आता?" त्यानं विचारलं. "उरलेले तीन सोमवार?"

"उरलेले नाय. पहिल्यापासून धरीन. पुढच्या सोमवारपासून."

"बारा वरसं?"

"बारा वरसं."

बळीराम मनात हिशोब करत होता. "म्हंजे मी पंच्याहत्तरीचा व्हईन."

"व्हाल की," सत्यवती म्हणाली, आणि उपास सोडायला पानं घेतली. पानावर बसली तरी तिचे कान खाली गाडीजवळच होते. नट नीट आवळले असतील ना, धनेशला सकाळी पुन्हा बघायला सांगायला हवं. मंगळवार असेल. सांगता येईल.